पुरात बुडालेली गाडी: सेल मारायच्या आधी या चुका टाळा

पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा, २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडची एकता नगरी, दोन्ही वेळेस पार्किंगमधल्या टू-व्हीलर पाण्याखाली गेल्या आणि पाणी ओसरलं की लोक सगळ्यात आधी काय करतात तर सेल मारून बघतात, चालू होतीये का. प्लीज हे करू नका!!

हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की त्याला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो, मग जे काम ऑइल बदलून भागलं असतं त्यासाठी पूर्ण इंजिन उघडावं लागतं. किक मारणं, गिअर टाकून धक्का मारणं, सगळं तेच. चावी ऑनसुद्धा नको, एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांना बहुतेक फ्युएल इंजेक्शन आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर) आहे, ओल्या वायरिंगमध्ये करंट गेला की ईसीयू उडू शकतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि गाडी टेम्पोत घालून गॅरेजला न्या.

दुसरी चूक म्हणजे "आठवडाभर वाळू दे, मग बघू". बाहेरून वाळते हो, पण आत ओल आणि हवा दोन्ही मिळाली की गंज लगेच धरतो. बोटवाले बुडालेलं इंजिन मेकॅनिक मिळेपर्यंत गोड्या पाण्यातच ठेवतात ते ह्याचसाठी. गॅरेजला वेटिंग असेल तर निदान स्पार्क प्लग काढून किक हळू दाबून पाणी बाहेर काढायला सांगा, मग प्लगच्या भोकातून थोडं इंजिन ऑइल सोडा.

ऑइल एकदा बदलून थांबू नका. दुधाच्या चहासारखं दिसतंय म्हणजे पाणी मिसळलंय, नवीन टाकून थोडा वेळ इंजिन चालवून तेही काढायचं, स्वच्छ येईपर्यंत. स्कूटरचं गिअर ऑइल वेगळं असतं, ते बरेच जण विसरतात. पेट्रोल पण पूर्ण काढा, पाणी जड म्हणून टाकीच्या तळाला बसतं. कागदी एअर फिल्टर नवाच. आणि ब्रेक ड्रममधला गाळ काढल्याशिवाय रस्त्यावर आणू नका, जिवाचा प्रश्न आहे.

इलेक्ट्रिक स्कूटर बुडली असेल तर चार्जिंगला अजिबात लावायची नाही, घरापासून लांब मोकळ्यात ठेवा.

गाडी धुवायच्या आधी पाण्याची खूण दिसेल असे फोटो काढून इन्शुरन्सला कळवा. नुसत्या थर्ड पार्टीत ह्याचे पैसे मिळत नाहीत, आणि बुडालेलं इंजिन चालू करून बिघडलं तर फुल पॉलिसीवाल्यांचाही क्लेम बऱ्याचदा तिथेच अडकतो.