पॅरोलवर सुटलेल्याला परत आत घ्यायचं का? या कामात नवीन येणाऱ्यांसाठी थोडं

गोव्यात लॉ करून क्रिमिनल साइडला उतरलात की पहिली काही वर्षं बेल, रिमांड आणि तारखा यातच जातात, पॅरोलच्या फाइलकडे कोण ढुंकून बघत नाही कारण पैसे कमी आणि नाव त्याहून कमी. मी एका सीनियरकडे म्हापशात ज्युनियर होते तेव्हा असल्या फाइल्स आपोआप माझ्या टेबलावर यायच्या, पुढे लीगल एडमधून, म्हणजे सरकारच्या मोफत वकिली मदतीतून, कोलवाळ जेलचं काम आलं, म्हणजे आधी फिर्यादीच्या बाजूने आणि मग कैद्याच्या बाजूने असं दोन्हीकडून हे बघायला मिळालं. त्यातला मला सगळ्यात अवघड वाटलेला प्रकार म्हणजे माणूस सुटला, घरी गेला, आणि मग कोणीतरी नवीन काहीतरी घेऊन आलं की साहेब याला सोडायलाच नको होतं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, आपल्याकडचा पॅरोल म्हणजे रजा. कागदावर अभिवचन रजा, फर्लो म्हणजे संचित रजा, आणि दोन्ही जेलच्या नियमांखाली मिळतात, मंजूर करणारा अधिकारी अटी घालतो आणि अट मोडली तर रजा रद्द. मुदतपूर्व सुटका, म्हणजे उरलेली शिक्षा माफ करून सोडणं, हे वेगळंच प्रकरण, ते सरकारच्या हातात, पूर्वी सीआरपीसीचं म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया कायद्याचं कलम ४३२ होतं, आता त्याच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं ४७३, आणि त्याच्याच पोटकलम ३ मध्ये लिहिलंय की अट पाळली नाही असं सरकारला वाटलं तर माफी रद्द करून माणसाला वॉरंटशिवाय उचलून उरलेली शिक्षा भोगायला पाठवता येतं. अशिलाच्या घरचे दोन्हीला सरसकट पॅरोलच म्हणतात, तुम्ही म्हणू नका, कारण हिशेबसुद्धा वेगळा. गोव्यातल्याच जन्मठेपेच्या कैद्यांच्या प्रकरणात जानेवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मुदतपूर्व सुटकेसाठी १४ वर्षं मोजताना पॅरोलवर बाहेर काढलेले दिवस धरायचे नाहीत. घरच्यांनी बोटांवर मोजून ठेवलेली तारीख यामुळे पुढे जाते आणि ते तुमच्यावर चिडतात, ते सहन करायची तयारी ठेवा.

आता नवीन माहिती. कोणी म्हणालं की अमुक गोष्ट नव्याने कळली, तर मी पहिला प्रश्न विचारते, ऑर्डर झाली त्या दिवशी ही गोष्ट कुठे होती? लपवलेली होती, होती पण कोणी बघितली नव्हती, की तेव्हा घडलीच नव्हती? सगळी केस या उत्तरावर फिरते आणि तिन्हीचं औषध वेगळं आहे.

लपवलेल्याचं सगळ्यात मोठं उदाहरण बिल्किस बानो प्रकरण. १५ ऑगस्ट २०२२ ला गुजरात सरकारने ११ जणांना सोडलं, ८ जानेवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाने ती माफी रद्द केली आणि दोन आठवड्यांत हजर व्हायला सांगितलं. लोकांना वाटतं गुन्हा भयंकर म्हणून रद्द झाली, पण निकाल वाचा, गाभा दुसराच आहे. खटला मुंबईत चालला होता म्हणून अधिकार महाराष्ट्र सरकारचा होता, आणि सुप्रीम कोर्टाच्याच ज्या मे २०२२ च्या आदेशावर गुजरात सरकार उभं होतं तो आदेश एका अर्जदाराने आधी महाराष्ट्राकडे अर्ज केला होता, तिथली मतं विरोधात गेली होती, हे न सांगता मिळवलेला होता. लपवून मिळवलेली ऑर्डर टिकत नाही, मग वर्तन कितीही चांगलं असो.

होती पण बघितली नाही, याला इंग्लंडचं वॉरबॉयज प्रकरण वाचा, तिथला पॅरोल हा आपल्या मुदतपूर्व सुटकेच्या जवळचा आहे एवढं लक्षात ठेवून. लंडनचा टॅक्सीवाला, १२ बायकांवरच्या १९ गुन्ह्यांत दोषी, पण पोलिसांकडे तक्रारी त्याहून कितीतरी जास्त बायकांच्या. पॅरोल बोर्डाने शिक्षा झालेल्या गुन्ह्यांपुरतंच बघून सोडायचं ठरवलं, दोन पीडित बायका कोर्टात गेल्या आणि मार्च २०१८ मध्ये तिथल्या हायकोर्टाने निर्णय रद्द केला, म्हणाले बाकीच्या आरोपांची आणखी चौकशी करायला हवी होती. त्यानंतर २०१९ मध्ये तिथे फेरविचाराची रीतसर सोय आली, आणि २०२२ पासून तर बोर्डाकडे तेव्हा नसलेली माहिती असती तर सुटका दिलीच नसती असं दिसलं की निर्णय रद्द करता येतो असा नियमच आहे. आपल्याकडे इतकी आखीव वाट नाही, आपण रिट याचिका घेऊन पर्वरीला हायकोर्टात जातो.

नंतर घडलेल्यासाठी २१ ऑक्टोबर २०२४ चा माफाभाई सागर विरुद्ध गुजरात हा निकाल पाठच करा. सुप्रीम कोर्टाने तीन कामाच्या गोष्टी सांगितल्या. दोन वर्षं सभ्य वागेन असली मोघम अट चालणार नाही कारण सभ्य म्हणजे काय हे प्रत्येकजण आपापल्या परीने ठरवणार, नुसता एफआयआर झाला म्हणून माफी आपोआप जाणार नाही, आणि रद्द करायच्या आधी कारणं लिहिलेली नोटीस देऊन त्या माणसाचं म्हणणं ऐकायचं आणि थोडक्यात का होईना कारणं लिहायची. हा माफीवरचा निकाल आहे, रजेवरचा नाही, पण नोटीस आणि ऐकून घेणं हा मुद्दा मी रजेच्या प्रकरणातही मांडते.

एक फाइल सांगते, गाव आणि नावं सोडून. आम्ही फिर्यादीकडून होतो. खुनात शिक्षा झालेला कैदी आईच्या ऑपरेशनसाठी पॅरोलवर आलेला, आणि मयताचा भाऊ मोबाइल नाचवत ऑफिसात आला, व्हॉट्सॲपवर फोटो, हा पठ्ठ्या जत्रेत उभा, कपाळाला गुलाल. "आई हॉस्पिटलात आणि हा जत्रा करता, बाय, ह्याला आजच आत घाला!" त्याचा राग खोटा नव्हता. पण फॉरवर्ड झालेल्या फोटोत मूळ तारीख राहत नाही, ज्याने काढला त्याचा फोन हवा, फोटो त्याच फोनमधला असल्याचं सर्टिफिकेट हवं, आणि एवढं करून अट काय होती? तालुका सोडायचा नाही. जत्रा त्याच तालुक्यात. म्हणजे फोटो खरा असला तरी अट मोडलीच नव्हती.

सगळे त्या फोटोत अडकलेले तेव्हा सीनियरनी मला फक्त रजेच्या अर्जावरचा पोलीस रिपोर्ट आणि कैद्याने सुटताना लिहून दिलेला बॉण्ड शेजारी शेजारी ठेवून वाचायला सांगितलं. रिपोर्टमध्ये आईच्या घराचा पत्ता, चौकशीही तिथेच झालेली, शेजाऱ्यांची हरकत नाही वगैरे. बॉण्डवर राहण्याचा पत्ता मात्र बहिणीच्या घराचा, आणि ते घर खटल्यातल्या मुख्य साक्षीदाराच्या अंगणासमोर. ती बाई संध्याकाळी दार लावून बसायची, तिला कोणी विचारलंच नव्हतं. खरी नवी माहिती ही होती, आणि ती फोटोसारखी नाट्यमय नव्हती म्हणून कोणाच्या डोळ्यात आली नाही. आम्ही अर्जात फोटो लावलाच नाही, दोन पत्ते लावले आणि त्या बाईचं ॲफिडेविट. कैद्याला नोटीस गेली, त्याच्या वकिलाने आईचे हॉस्पिटलचे कागद दाखवले, रजा रद्द झाली नाही पण पत्ता बदलला आणि हजेरी रोजची केली. मयताचा भाऊ आमच्यावर खूश नव्हता, अजूनही रस्त्यात भेटला की मान फिरवतो. मला तो निर्णय बरोबर वाटतो, कारण ती आई खरंच आजारी होती.

कैद्याच्या बाजूने असाल तर उलटं करा. अर्जात आधीच सगळं टाका, आधी नाकारलेला अर्ज, मागच्या वेळी उशिरा हजर झाला असेल तर तेही कारणासकट, इतर राज्यातली केस असेल तर तीसुद्धा. कोलवाळला परराज्यातले कैदी बरेच, त्यांचे पोलीस रिपोर्ट गावाकडून येतात, उशिरा येतात आणि बऱ्याचदा "शांतता भंग होण्याची शक्यता" एवढ्या एका ओळीवर संपतात. त्या ओळीला घाबरू नका, शक्यता कशावरून ते विचारा. नॉमिनल रोलची, म्हणजे जेलमधल्या कैद्याच्या नोंदीच्या कागदाची, कॉपी मागा, त्यात मागच्या रजांची नोंद असते, आणि तुमचा अशील तुम्हाला जे सांगतो ते आणि रोल जुळतं का ते आधी तुम्ही बघा, सरकारी वकिलाने कोर्टात दाखवायच्या आत.

बाकी पैशांचं म्हणाल तर यावर घर चालत नाही, सोबत दुसरं काम ठेवा. आणि चवथीच्या आधी रजेच्या अर्जांची रांग लागते, सगळ्यांनाच गणपतीला घरी जायचं असतं, तेव्हा जुलैतच कागद जमवायला घ्या, नाहीतर रिपोर्ट येईपर्यंत विसर्जन होऊन जातं.