गच्चीसाठी मेम्ब्रेन निवडताना या चुका टाळा

मे महिना सरत आला की मुंबईतल्या सोसायट्यांच्या सभांत तीन कोटेशने टेबलावर येतात, चौरस फुटाचा दर आणि वॉरंटीची वर्षे पाहून मेम्ब्रेन, म्हणजे गळती रोखणारा जलरोधक थर, ठरवले जाते. मात्र ते ज्या थरावर बसणार आहे तो कोरडा आहे की नाही, हे सहसा कोणी विचारत नाही.

जुन्या इमारतींत स्लॅबवर ब्रिकबॅट कोबा असतो. विटांच्या तुकड्यांचा हा थर तडकला की पावसाळाभर पाणी पितो आणि पाऊस उघडल्यावरही कित्येक दिवस ते खालच्या छतातून ठिबकत राहते. अशा ओल्या कोब्यावर बिटुमेनची (डांबरासारख्या पदार्थाची) शीट गॅसच्या टॉर्चने तापवून चिकटवली, तर उन्हात आतल्या पाण्याची वाफ होऊन शीट फुगते. दादरच्या एका गच्चीवर ताटाएवढा फुगा सुरीने चिरताना मी पाहिला आहे. बाहेर पाय पोळत होते आणि आत बोट भिजेल इतके पाणी होते. कोबा ठोकून पोकळ वाजत असेल, तर डेब्रिज उचलण्याचा खर्च सोसूनही तो काढलेला बरा. कोरडेपणा तपासायला प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून रात्रभर ठेवावा. सकाळी आतून दव दिसले, तर काम थांबवावे.

दुसरी चूक म्हणजे साधी काळी बिटुमेन शीट उघडी ठेवणे. अतिनील किरणांनी ती कडक होऊन तडकते, म्हणून तिच्यावर सिमेंटचा संरक्षक थर हवा किंवा मुळातच खनिज कणांचा पृष्ठभाग असलेली शीट घ्यावी. पाइप आणि एसीचे स्टँड पुष्कळ असतील, तर सांधे नसलेले द्रवरूप पॉलियुरेथेन (प्लास्टिकसारखा लेप) सोयीचे पडते. पण त्याची जाडी कामगाराच्या हातावर अवलंबून असते, त्यामुळे क्षेत्रफळाच्या हिशोबाने रिकामे डबे मोजून घ्यावेत. (कंत्राटदाराला हे आवडत नाही.) बाथरूममध्ये मात्र लवचिक सिमेंट-पॉलिमर लेप घ्यावा, कारण बिटुमेनवर टाइल थेट नीट धरत नाही.

कोणतेही मेम्ब्रेन घेतले, तरी गळती बहुधा कडेलाच सुरू होते. कठड्याच्या कोपऱ्यात सिमेंटचा गोलसर वाटा (कोपरा भरणारी गोलाई) मारून मेम्ब्रेन भिंतीवर चढवलेले असावे, शीटच्या लांब कडांचा ओव्हरलॅप किमान 100 मिलिमीटर आणि टोकांचा 150 मिलिमीटर असावा. एवढे सगळे करून नंतर केबलवाल्याने डिश बसवायला त्यातच ड्रिल मारले, तर कोणती वॉरंटी टिकणार?

संरक्षक थर टाकण्यापूर्वी पाण्याचे निचरे बंद करून पाणी 48 ते 72 तास साठवावे, पातळीवर खडूची खूण करावी आणि गच्चीखालच्या मजल्यावरील प्रत्येक घराचे छत स्वतः पाहावे. पावसाला आठवडाच उरला असेल, तर ताडपत्री घालून पावसाळा काढावा आणि काम दिवाळीनंतर हाती घ्यावे.