एक ओळ जोडली आणि 2 जीबी कॉपी झाले: ओव्हरलेएफएस वापरताना या चुका टाळा

कंटेनर (प्रोग्राम आणि त्याच्या फाइली वेगळ्या बांधून चालवायची सोय) सुरू केला, आतल्या मोठ्या फाइलला पहिल्यांदा हात लावला आणि सगळं काही सेकंद अडकलं. दुसऱ्यांदा तेच काम चुटकीसरशी झालं. अशा वेळी बहुतेक जण डिस्क मंद आहे असं समजून तिच्या मागे लागतात. आधी ओव्हरलेएफएसचं कॉपी-अप तपासा.

ओव्हरलेएफएस म्हणजे अनेक फोल्डर (लेयर) एकावर एक रचून एकच दाखवणारी फाइलसिस्टिम; कंटेनरच्या फाइली सहसा तिच्यावरच असतात. ती 2014 मध्ये लिनक्स 3.18 बरोबर कर्नेलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात आली. खालचे लेयर फक्त वाचण्यासाठी, लिहायचं ते सगळं वरच्या लेयरमध्ये. खालची फाइल लिहिण्यासाठी उघडली की कर्नेल ती आधी वर आणतो, हेच कॉपी-अप. बदललेला ब्लॉक तेवढाच नाही, अख्खी फाइल.

हे एकदा स्वतः करून बघाच. ईएक्सटी4 (लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टिम) वर एका फोल्डरमध्ये 2 जीबीची फाइल बनवा (डीडी कमांडने खरा डेटा भरा, कारण नवे कर्नेल पोकळ फाइलमधल्या रिकाम्या जागा वगळतात आणि आकडा फसवा येतो). त्यावर ओव्हरले माउंट करा, फाइलच्या शेवटी एक ओळ जोडा आणि वरच्या फोल्डरवर डीयू (जागा मोजणारी कमांड) चालवा. तिथे 2 जीबी दिसतील.

पहिली चूक इथेच होते. लिहिलं तरच कॉपी होणार, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात फाइल लिहिण्याच्या मोडमध्ये नुसती उघडली तरी पुरतं, पुढे एक बाइटही लिहिला नाही तरी. सवयीने वाचन-लेखन मोडमध्ये फाइल उघडणारा कोड म्हणूनच महागात पडतो. वाचायचंच असेल तर फक्त वाचण्यासाठी उघडा. जुना मजकूर पुसून नव्याने लिहायचा असेल तर ओ_ट्रंक फ्लॅग द्या, म्हणजे जुना डेटा वर आणलाच जात नाही.

दुसरी चूक मला सगळ्यात जास्त खटकते, कारण ती जवळजवळ प्रत्येक प्रोजेक्टमध्ये सापडते. डॉकरफाइलमध्ये (इमेज, म्हणजे कंटेनरचा साचा, बनवण्याच्या सूचनांची फाइल) आधी फाइली कॉपी करायच्या आणि पुढच्या ओळीत रन लिहून अख्ख्या फोल्डरवर सीएचओन (फाइलचा मालक बदलणारी कमांड) चालवायचं. मालक बदलणं ही नुसती नोंद असली, तरी त्यासाठी प्रत्येक फाइलचा डेटाही नव्या लेयरमध्ये येतो आणि त्या फोल्डरचं वजन इमेजमध्ये दुप्पट होतं. कॉपीच्या ओळीतच सीएचओनचा पर्याय द्या, प्रश्न मिटला. स्वतः माउंट करत असाल तर लिनक्स 4.19 पासून मेटाकॉपी हा पर्याय आहे, त्यात फक्त नोंद वर येते. पण लेयर परक्या, अविश्वासू ठिकाणचे असतील तर तो चालू करू नका, कर्नेलच्या कागदपत्रांत तसा स्पष्ट इशारा आहे.

तिसरी चूक फाइलसिस्टिम निवडताना होते. कॉपी-अप करताना कर्नेल आधी रीफ्लिंक (डेटा न हलवता होणारी कॉपी) जमतो का ते बघतो. जमला तर डेटा हलतच नाही, दोन्ही फाइली त्याच ब्लॉककडे बोट दाखवतात आणि मोठी फाइलही क्षणात वर येते. त्यासाठी वरचा आणि खालचा लेयर एकाच एक्सएफएस किंवा बीटीआरएफएसवर हवेत. एक्सएफएस असेल तर एक्सएफएस_इन्फो कमांडच्या उत्तरात रीफ्लिंकपुढे 1 आहे का, ते पाहा. ईएक्सटी4 वर ही सोय नाही. वरचा लेयर टीएमपीएफएसवर (मेमरीतल्या फाइलसिस्टिमवर) किंवा दुसऱ्या डिस्कवर ठेवला तरीही ती गेली, मग कर्नेल तुकड्या-तुकड्याने सगळा डेटा ओढत बसतो.

डेटाबेसच्या फाइली कंटेनरच्या लेयरमध्ये ठेवू नका, व्हॉल्यूममध्ये (लेयरच्या बाहेरच्या साठ्यात) ठेवा. माउंट चालू असताना खालच्या फोल्डरमध्ये थेट बदल करू नका, त्याचा परिणाम काय होईल याची हमी कर्नेल देत नाही.

लिनक्स 4.19 च्या आधीच्या कर्नेलवर एक बग मात्र तासन् तास खातो. प्रोग्रामने फाइल आधी वाचण्यासाठी उघडली, मग तीच दुसऱ्यांदा लिहिण्यासाठी. आता पहिला डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइलचा क्रमांक) खालच्या फाइलवर आहे आणि दुसरा वरच्या. लिहिलेलं पहिल्यातून कधीच दिसत नाही, आणि आपण कॅशेवर संशय घेत राहतो. अशा जुन्या कर्नेलवर कॉपी-अप झाल्यावर पहिला डिस्क्रिप्टर बंद करून पुन्हा उघडा.

नेमकी कुठली फाइल वर आली हे शोधायला डॉकर डिफ ही कमांड चालवा. ज्या ओळीपुढे सी आहे, ती खालची गोष्ट बदललेली आहे. फोल्डर वगळा, उरलेल्या फाइलींचा आकार बघा आणि सगळ्यात मोठीपासून सुरुवात करा.