पिस्तुलासाठी भरवशाचा पॉइंट टू टू राउंड कसा निवडायचा

२५ मीटरच्या मॅचला प्रिसिजन (सावकाश, नेमक्या गोळ्या) आणि रॅपिड (लाईट लागला की झटपट गोळी) असे दोन भाग असतात. त्यातल्या रॅपिडची सिरीज, म्हणजे पाच गोळ्यांची फेरी, चालू होती, हिरवा लाईट लागला, हात वर आला, ट्रिगर दाबला आणि नुसतं टक्. आवाज नाही, धक्का नाही. मी काय केलं, तर सवयीने स्लाइड (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा भाग) मागे ओढून तो राउंड, म्हणजे काडतूस, बाहेर काढला, आणि तिथंच सगळं गेलं, कारण रेंज ऑफिसरने बघायच्या आधी मी पिस्तूल उघडलं होतं म्हणून ती खोट नियमात बसली नाही आणि त्या गोळीला शून्य. वर्षभर पहाटे उठून केलेली प्रॅक्टिस एका फुसक्या काडतुसापायी खाली आली. त्यानंतर मी राउंड निवडण्याकडे जेवढं लक्ष दिलंय तेवढं ग्रिपकडे पण दिलं नसेल. सोलापुरातली बरीच नवीन पोरं एअर पिस्तूलवरून आता पॉइंट टू टूकडे, म्हणजे ०.२२ इंच बोअरच्या (नळीच्या भोकाच्या) पिस्तुलाकडे येतायत आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, की दादा कुठला राउंड घेऊ? त्याचं उत्तर एका ब्रँडच्या नावात देता येत नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट स्पष्ट. हे सगळं लायसन असलेल्या नाहीतर क्लबच्या पिस्तुलावर कोचसमोर शिकणाऱ्या माणसासाठी आहे. लायसनवर कुठल्या बोअरचे किती राउंड एका वेळी जवळ ठेवायचे आणि वर्षाला किती घ्यायचे ते लिहिलेलं असतं, खरेदीची नोंद होते, आणि तो आकडा ओलांडायचा नाही म्हणजे नाही. मित्राच्या लायसनवर दोन डबे घेऊ असला विचारसुद्धा करू नका.

पहिलं काम: पिस्तुलाला काय चालतं ते बघा

दुकानात जायच्या आधी पिस्तुलाचं मॅन्युअल काढा. नळीवर पॉइंट टू टू एलआर असं कोरलेलं असतं, एलआर म्हणजे लाँग रायफल. नावात रायफल आहे म्हणून घाबरू नका, पिस्तुलातही हाच राउंड चालतो. पूर्वी रॅपिड फायर नावाच्या वेगळ्या मॅचला पॉइंट टू टू शॉर्ट हा आखूड राउंड वापरायचे, जुनं पिस्तूल कोणाकडून मिळालं असेल तर ते शॉर्टचं तर नाही ना हे नक्की बघा.

मग वेगाचा प्रश्न येतो. टार्गेटसाठीचा राउंड स्टँडर्ड व्हेलॉसिटीचा असतो, गोळी ४० ग्रेनची म्हणजे साधारण २.६ ग्रॅमची, शिशाची, वरून मेण नाहीतर ग्रीसचा हात दिलेला, आणि डब्यावर वेग सेकंदाला ३२० ते ३३० मीटरच्या आसपास लिहिलेला. हा वेग लांब टेस्ट नळीतला असतो, आपल्या पिस्तुलाच्या १२-१३ सेंटीमीटरच्या नळीतून त्यापेक्षा कमीच मिळतो, त्यात काही बिघडत नाही. हाय व्हेलॉसिटीचा राउंड ३७० च्या वर जातो आणि लोकांना वाटतं जोरदार म्हणजे चांगला. मॅच पिस्तुलाचा स्प्रिंग आणि स्लाइड स्टँडर्ड राउंडच्या धक्क्याला धरून बनवलेले असतात, जोरदार राउंड सतत मारला की स्लाइड मागे आपटत राहते, पार्ट लवकर जातात आणि हात पण जास्त उडतो त्यामुळे पाच गोळ्यांची लय बिघडते. आंतरराष्ट्रीय नियमात २५ मीटरला जॅकेटवाली, म्हणजे वरून कडक धातूचं आवरण असलेली गोळी चालतच नाही, शिसं किंवा तसल्याच मऊ धातूची लागते.

दुसरं: दोन-तीन प्रकार थोडे थोडे घ्या

एसके, एली, लापुआ, आरडब्ल्यूएस, सीसीआय ही नावं तुम्हाला रेंजवर ऐकायला मिळतील. एसके आणि लापुआ एकाच ग्रुपच्या कंपन्या, एसके जर्मनीतली, एली इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमची. यातल्या बऱ्याच जणांचे खास पिस्तुलासाठीचे राउंड येतात, नावात पिस्टल लिहिलेलं असतं. आपल्याकडे बाहेरचा राउंड कायम मिळेलच असं नाही, म्हणून माझं म्हणणं असंय की जो तुम्हाला वर्षभर मिळत राहील अशातलाच निवडा. एकदा हौसेने सगळ्यात महागाचा डबा घेतला आणि नंतर सहा महिने मिळालाच नाही तर त्या टेस्टिंगचा काय उपयोग.

तीन प्रकार निवडा, प्रत्येकाचे दोन डबे. डब्यात ५० राउंड असतात, म्हणजे प्रत्येकी १००. क्लबमध्ये चार जणं मिळून वेगवेगळे प्रकार आणले आणि कोचच्या देखरेखीखाली क्लबच्याच पिस्तुलावर बघितले तर खर्च पण वाटला जातो.

तिसरं: लॉट नंबर

हे सोलापूरकरांना सांगायला सोपं जातं. चादर विणणाऱ्याला विचारा, एकाच रंगाचं सूत दोन वेगळ्या लॉटमधलं आलं तर काय होतं. नुसतं बघताना सारखंच दिसतं, मागावर चढवून विणलं की पट्टा उठून दिसतो. राउंडचं अगदी तसंच आहे. कंपनी तीच, नाव तेच, पण दारू आणि रिममधला (पुंगळीच्या बुडाच्या कडेतला) पेटणारा मसाला वेगळ्या दिवशी भरलेला, वेग थोडा इकडेतिकडे, मेणाचा थर थोडा कमीजास्त. डब्यावर लॉट नंबर छापलेला असतो, तो वहीत लिहून घ्या आणि डब्याचा फोटो काढून ठेवा. टेस्ट करून पास झालेला राउंड पुन्हा घेताना त्याच लॉटचा मागा. नसेल मिळत तर नवीन लॉटला नवा राउंड समजून परत टेस्ट करायची, आळस करायचा नाही.

चौथं: डोळ्याने बघा

एक डबा टेबलावर रिकामा करा. वाकडी बसलेली गोळी, चेपलेली पुंगळी, हिरवट डाग, रिमला खरवडा, मेणावर चिकटलेली धूळ, असं काही दिसलं की तो राउंड बाजूला. काचेवर हळूच गडगडवून बघितला तर वाकडी गोळी लगेच डुगडुगते. शंभरात एखादा निघाला तर चालतंय, डब्याडब्याला चार-पाच निघायला लागले तर तो लॉट माझ्या मॅचला नाही.

पाचवं आणि सगळ्यात मोठं: न अडकता चालतो का

लोक इथं उलटं करतात. आधी ग्रुप, म्हणजे टार्गेटवर गोळ्या एकमेकींच्या किती जवळ पडतात ते बघतात, किती बारीक येतोय म्हणून खूश होतात, आणि राउंड दर पन्नासाला एकदा अडकतो ते विसरतात. पिस्तुलाला आधी चालणं, मग ग्रुप.

पिस्तूल स्वच्छ करून घ्या, विशेषतः चेंबर (नळीच्या मागची राउंड बसायची जागा) आणि एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे पुंगळी ओढून काढणाऱ्या नखाखालची घाण. वेगवेगळ्या कंपन्यांचं मेण वेगळं असतं, म्हणून प्रकार बदलला की चेंबर पुसून पहिले दहा राउंड नुसते नळीत नवं मेण बसायला मारायचे, ते मोजायचे नाहीत. त्यानंतर तुमच्या सगळ्या मॅगझिनमधून, पाच-पाच भरून, मॅचच्या लयीत मारा. आरामात एकेक मारून चालणारा राउंड रॅपिडला अडकू शकतो, आणि बरोबर त्याच्याही उलट, घाईत मारताना मनगट सैल पडलं तर चांगला राउंड पण पुंगळी नीट फेकत नाही. वहीत तीन खाने करा: मिसफायर, आत न गेलेला, बाहेर न पडलेला. कुठल्या मॅगझिनला झालं तेही लिहा.

आता किती मारायचे? समजा एखादा राउंड शंभरात एकदा दगा देतो. तुम्ही ५० मारून बघितले तर एकही खोट न दिसण्याची शक्यता ६० टक्के आहे! म्हणजे एका डब्यावरून काहीच कळत नाही. ३०० मारले आणि एकही अडकला नाही, तर मग ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं की खोट शंभरात एकापेक्षा कमी आहे. एका मॅचला साठ गोळ्या आणि वर सायटर (आधीच्या, मार्कात न धरलेल्या गोळ्या), म्हणजे शंभरात एक ही खोट अजिबात लहान नाही. म्हणून तीन प्रकारातला जो पहिल्या शंभरात बरा वाटला त्याचे त्याच लॉटचे आणखी २५० आणून मारायचे (पहिल्या शंभरातले दहा मोजले नव्हते), आणि ते वेगळे नाही, रोजच्या प्रॅक्टिसमध्येच. राउंड वाया जात नाही, फक्त वही भरायची.

अडकलं तर दोष कुणाचा?

प्रॅक्टिसमध्ये टक् झालं की आधी नळी टार्गेटकडेच धरून मनात तीस मोजा, कधीकधी राउंड उशिरा फुटतो. मग बाहेर काढून रिमवरचा ठसा बघा. पॉइंट टू टूमध्ये पेटणारा मसाला रिमच्या आत गोल फिरवून बसवलेला असतो, एखाद्या जागी तो पोचलाच नसेल तर रिमवर ठोकणारी पिन कितीही जोरात बसली तरी पेटत नाही. ठसा खोल आणि स्पष्ट आहे तरी फुटला नाही, तर दोष राउंडचा. ठसा फिकट, अर्धवट असेल तर पिस्तुलाकडे बघा: पिन झिजली, स्प्रिंग थकला, नाहीतर चेंबरमध्ये मेण आणि काजळी साचून राउंड पूर्ण आत बसला नाही, मग पिनचा जोर त्याला पुढे ढकलण्यातच गेला. मी एकदा एका लॉटला दोन महिने शिव्या दिल्या आणि शेवटी चेंबर ब्रशने घासल्यावर तोच लॉट सुतासारखा सरळ चालला. रिकामं पिस्तूल खटखट वाजवायची सवय पण सोडा, पॉइंट टू टूला पिन चेंबरच्या कडेवर आपटून कड चेपू शकते, ड्राय प्रॅक्टिसला त्यासाठीचा प्लास्टिकचा डमी वापरा.

गोळी अर्धी आत जाऊन नाक दाबली जात असेल तर मॅगझिनचे ओठ (राउंड धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा) बघा, मॅगझिन बदलून बघा. एकाच मॅगझिनला होत असेल तर राउंड निर्दोष.

एक गोष्ट जिवाची. आवाज फुसका आला, धक्का हलका लागला, तर पुढची गोळी मारायची नाही. गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि मागून दुसरी गेली तर नळी फुगते, हाताला आणि डोळ्याला इजा होते. पिस्तूल खाली, कोचला हाक, मॅगझिन काढून रॉड घालून नळी मोकळी आहे हे बघितल्याशिवाय पुढे नाही. न फुटलेले राउंड क्लबच्या वेगळ्या डब्यात जमा करायचे, कचऱ्यात टाकायचे नाहीत.

मग ग्रुप

२५ मीटरच्या प्रिसिजन टार्गेटवर दहाची रिंग ५० मिलिमीटरची, आतली दहा २५ ची. रॅपिडच्या टार्गेटवर तर दहाच १०० मिलिमीटरची. रेस्टवर, म्हणजे आधारावर पिस्तूल टेकवून दहा-दहा गोळ्यांचे तीन-चार ग्रुप काढा, पाच गोळ्यांच्या एका सुंदर ग्रुपवर विश्वास ठेवू नका. २५ ते ३० मिलिमीटरमध्ये येत असतील तर माझ्या मते बास, कारण आपला हात त्यापेक्षा जास्त हलतो. पंधराचा ग्रुप देणारा पण महिन्यातून दोनदा दगा देणारा राउंड मी घेत नाही. हां, एखादी गोळी विनाकारण एकटीच लांब जाऊन पडत असेल आणि दर ग्रुपला पडत असेल तर तो प्रकार सोडा.

आपल्या उन्हाचं काय

एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ ला जातो आणि बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तर हात ठेववत नाही. डबा तिथं राहिला की गोळीवरचं मेण मऊ होऊन पसरतं, त्यावर धूळ बसते, आणि तीच धूळ चेंबरमध्ये जाते. घरी कुलपात, कोरड्या आणि त्यातल्या त्यात थंड कपाटात ठेवा, भिंतीला पश्चिमेचं ऊन लागतंय त्या बाजूला नको. रेंजवर डबा सावलीत, वर टॉवेल. पुण्याला बालेवाडीला मॅचला जाताना मी लायसनची कागदपत्रं बरोबर ठेवतो आणि राउंड पिस्तुलापासून वेगळ्या कुलूपबंद डब्यात, तोही गाडीच्या डिकीत नको, सीटखाली, कारण टेंभुर्णीच्या पुढे डिकी तापून भट्टी झालेली असते. राउंडला तेलाचा हात लावू नका, गंजू नये म्हणून कोणी सांगितलं तरी, तेल आत झिरपून मसाला मारतं. आणि मारून झालं की साबणाने हात धुतल्याशिवाय डब्यातली भाकरी-शेंगाचटणी काढायची नाही, शिसं पोटात जातं, लहान पोरांना तर हे रोज बजावून सांगा.

मॅचच्या आधी

पास झालेल्या लॉटचे मॅचसाठी १५० राउंड वेगळे काढा, त्यातले पन्नास आदल्या आठवड्यात मारून बघा, राहिलेले शंभर हातच लावू नका. साठ गोळ्या, प्रिसिजन आणि रॅपिडच्या आधीचे पाच-पाच सायटर, आणि वरचे तीस अडचणीसाठी. चेंबर आदल्या दिवशी साफ करून नंतर दहा-पंधरा राउंड मारून ठेवा, कोऱ्या चेंबरने मॅच सुरू करू नका. आणि सिरीजमध्ये टक् झालंच, तर माझ्यासारखं करू नका: पिस्तूल टार्गेटच्या दिशेने तसंच धरा, ग्रिप सोडू नका, स्लाइडला आणि सेफ्टीला हात लावू नका, मोकळा हात वर करा आणि रेंज ऑफिसर येईपर्यंत थांबा. खोट नियमात बसणारी असेल तर पुढची संधी मिळते. ही हात वर करायची प्रॅक्टिससुद्धा मी आता पोरांकडून करून घेतो, मॅगझिनमध्ये त्यांच्या नकळत एक डमी भरून.