पंप बंदुकीत काडतूस अडकलं तर

आमच्या मिशिगनच्या रेंजवर रविवारी ट्रॅप चालतं, म्हणजे हवेत उडवलेल्या तबकड्या बंदुकीनं फोडायचा खेळ. 16 यार्डांवर पाच जागा, माणशी 25 तबकड्या. हल्ली मराठी मंडळातली पोरंपोरी बरीच येतात, आणि निम्म्यांच्या हातात कुणाकडून तरी स्वस्तात घेतलेली जुनी रेमिंग्टन 870 असते. ही पंप बंदूक, नळीखालची मूठ (तिलाच पंप म्हणतात) मागेपुढे ओढून काडतूस बदलायची. 1950 पासून बनतेय, एक कोटीच्या वर खपलीय, तेव्हा बंदुकीबद्दल तक्रार नाही. पण दर राउंडला कुणीतरी ओरडतंच, "काका, अडकलं!" आणि ओरडता ओरडता बंदुकीसकट माझ्याकडे वळतं.

वळायचं नाही. नळी तबकड्यांकडेच, बोट चापाबाहेर, सेफ्टी लावलेली, आणि मोकळा हात वर. मी येतो तिथं.

चाप ओढला आणि बार उडालाच नाही, तर मनात साठपर्यंत मोजा. दारू कधीकधी उशिरा पेट घेते. बार उडाला पण नुसतं फुस्स झालं, धक्काही नेहमीसारखा बसला नाही, तर पुढचं काडतूस भरायचं नावही काढू नका. बंदूक पूर्ण रिकामी करा, नळी काढा, मागच्या बाजूनं उजेडाकडे धरून आरपार बघा. आत वॉड (काडतुसातला दारू आणि छऱ्यांमधला तुकडा) अडकलेलं असेल आणि त्यावर दुसरा बार काढलात, तर नळी फाटते.

आता अडकलंय कुठं ते ओळखा. पंप जागचा हलत नाही आणि बारही काढलेला नाही? मग बहुतेक काही अडकलेलंच नाही, बंदूक लॉक आहे. 870 ला चापाच्या कडीपुढे डाव्या बाजूला छोटं बटण असतं, मॉसबर्ग 500 या दुसऱ्या पंप बंदुकीला ते कडीच्या मागे. लोक पंप मागे ओढत ओढत बटण दाबतात, म्हणून ते दबत नाही. पंप किंचित पुढे ढकला, बटण दाबा, मग मागे घ्या. माझ्याकडच्या बऱ्याच हाका इथंच मिटतात.

बार उडाला आणि पंप मागे येत नाही, तर उडालेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी चेंबरला, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेला, चिकटलीय. बार उडताना काडतुसाची बूड फुगते. पितळ लगेच आकसतं. स्वस्त काडतुसांचं बूड पोलादी असतं, ते तितकं आकसत नाही, आणि चेंबर मळकट किंवा गंजकं असलं की घट्ट धरून बसतं. दस्ता मांडीला टेकवा, नळी समोरच ठेवा आणि पंपाला एकच जोरदार हिसका द्या. व्हिडिओत दाखवतात तसा दस्ता जमिनीवर आपटायचा प्रकार मी रेंजवर करू देत नाही. नळी थेट तोंडाकडे येते, आणि लाकडी दस्ता तडकतो तो वेगळाच.

कधी बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा ठोकळा) मागे येतो आणि पुंगळी आतच राहते. पुंगळी ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्यात घाण साचलेली असते, नाहीतर आकडा झिजलेला असतो. आधी मॅगझीनमधली, म्हणजे नळीखालच्या नळकांड्यातली, काडतुसं काढा. ती धरून ठेवणारी पातळ पट्टी खालून बोटानं दाबली की एकेक बाहेर येतं. मग मॅगझीनची टोपी फिरवून नळी उतरवा आणि नळीच्या तोंडाकडून लाकडी दांडीनं पुंगळी ढकला. पण आवाज ऐकलाय आणि खांद्याला धक्का बसलाय, तरच. काडतुसाच्या बुडावरच्या टोपीवर पिनचा खड्डा दिसतो म्हणजे काडतूस उडालंय असं नव्हे, न उडालेल्यावरही तो असतो. जिवंत काडतूस चेंबरमध्ये रुतलं असेल तर दांडी नको, हातोडी नको, गनस्मिथला बोलवा.

तिसरा प्रकार 870 चा खास. पंप इंचभर सरकतो आणि मध्येच ठप्प. भरताना काडतूस मॅगझीनच्या त्या पट्टीमागे नीट बसलं नाही, की ते मागे निसटून बोल्ट आणि कॅरिअर (काडतूस वर उचलून देणारा भाग) यांच्या मध्ये शिरतं. बंदूक उलटी करून कॅरिअर बघा. त्यात इंग्रजी यू अक्षरासारखी चीर असेल तर तिच्यामधली जीभ लवते, पंप जोरात ओढला की काडतूस सुटतं. जुन्या बंदुकींत कॅरिअर सलग असतो. तिथं कितीही ओढा, काही होत नाही. दोन पिना बाहेर ठोकून चापाचा अख्खा संच काढावा लागतो. त्याच्याबरोबर पिनवर आपटणारी आतली हातोडीही बाहेर येते. चेंबरमध्ये दुसरं जिवंत काडतूस असू शकतं, म्हणून हे काम घरच्या टेबलावर करायचं नाही. रेंजवर, नळी समोर ठेवून, आणि पहिल्यांदा करत असाल तर जाणकाराच्या देखत.

हा तिसरा प्रकार टाळणं सोपं आहे. काडतूस अंगठ्यानं टक् ऐकू येईपर्यंत आत ढकला. पंप मात्र नाजूकपणे हलवू नका, पार मागे आणि पार पुढे न्या. चेंबरला ब्रॉंझचा ब्रश फिरवा. नुसती नळी पुसून भागत नाही.

नळीवर चेंबरची लांबी कोरलेली असते, तीही वाचा. पावणेतीन इंची चेंबरमध्ये तीन इंची काडतूस बसतं, कारण त्याचं तोंड दुमडलेलं असतं. उडताना ते उलगडतं, पुढच्या अरुंद भागात घुसतं आणि दाब भलताच वाढतो. आणि 20 गेजची काडतुसं 12 गेजच्या काडतुसांच्या खिशात ठेवू नका. गेज म्हणजे नळीच्या भोकाचं माप, आकडा मोठा तितकं भोक लहान. ती चेंबरमधून पुढे घसरून नळीत अडकतात, मागून 12 चं खुशाल भरता येतं. 20 गेजला पिवळा रंग देतात तो त्याचसाठी.