टीव्हीवरच्या चंगाईचा दावा घरच्या घरी कसा तपासावा

घरातल्या कुणी चंगाईचा, म्हणजे प्रार्थनेने आजार बरा करण्याचा, कार्यक्रम बघून औषध बंद केलं असेल, तर आधी एवढाच परिच्छेद वाचा आणि कामाला लागा. लहानपणापासून इन्सुलिनवर असलेल्या रुग्णाचं इन्सुलिन थांबलं, की एक-दोन दिवसांत जीवावर बेतू शकतं. उलट्या, पोटदुखी, खोल आणि जलद श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, यातलं काही दिसलं तर १०८ ला फोन लावा. नाशिककरांना त्र्यंबक रोडवरचं जिल्हा रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, रात्रीही उघडं असतं. फिटच्या गोळ्या अचानक सुटल्या तर एकामागून एक फिट येऊन माणूस शुद्धीवर न येण्याचा धोका असतो. मात्र बरेच दिवस खंड पडला असेल तर जुना डोस आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नका. काही गोळ्या परत कमी डोसपासून चढवत न्याव्या लागतात. चुकलेले डोस एकदम देऊन भरपाई तर कधीच करू नका. शेवटची गोळी कोणत्या तारखेला घेतली ते कागदावर लिहा आणि तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा.

पहिले काही दिवस बरं का वाटतं

घरोघरी घात होतो तो इथेच. सभेहून आल्यावर आई गोळ्या बंद करते, चार दिवसांनी मुलगा बीपी मोजतो आणि ते ठीक निघतं. मग सगळ्यांना वाटतं, खरंच चंगाई झाली. पण अ‍ॅम्लोडिपिनसारखी बीपीची गोळी शरीरातून सावकाश उतरते, तिचा असर बंद केल्यावरही काही दिवस टिकतो. थायरॉईडच्या गोळीचं तर निम्मं प्रमाण कमी व्हायलाच साधारण सात दिवस लागतात, म्हणून थकवा आणि सूज आठवड्यांनी परत येते. टीबीचं दुखणं आणखी फसवं. औषध सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप उतरतो, खोकला कमी होतो, भूक लागते. नेमक्या त्याच दिवसांत प्रार्थना झाली असेल तर श्रेय प्रार्थनेला जातं आणि सहा महिन्यांचा कोर्स अर्धवट सुटतो. उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि तो टीबी घरातल्या लेकरांनाही लागू शकतो.

साखरेचं वेगळं. चंगाई सभेआधी पुष्कळ जण उपवास-प्रार्थना करतात. पोटात अन्न नाही म्हटल्यावर ग्लुकोमीटरवर आकडा खाली येणारच, त्यावरून काही सिद्ध होत नाही. एचबीए१सी ही रक्ताची तपासणी करा. तिचा आकडा साधारण मागच्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगतो, एका उपवासाने हलत नाही. तो ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर मधुमेह आहे असं धरतात. सभेनंतर लगेच केलेल्या तपासणीत आधीचेच महिने मोजले जातात, म्हणून तीन महिने थांबून, त्याच लॅबमध्ये करा.

कागद गोळा करणं

ज्या आजाराचं निदान कागदावर नाही, तो बरा झाला की नाही हे कुणालाच सांगता येत नाही. एक प्लास्टिकची फाईल घ्या आणि तारखेप्रमाणे लावा: केस पेपर, डिस्चार्ज कार्ड, रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रे, सीटी किंवा एमआरआयची सीडी. कॅन्सर असेल तर बायोप्सीचा नुसता रिपोर्ट पुरत नाही. लॅबकडे गाठीचा तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड जपलेल्या असतात, त्या लेखी अर्ज करून मागता येतात आणि दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवता येतात. ‘गाठ होती, आता नाही’ अशा साक्षी आपण ऐकतो, त्यातल्या काही गाठींची बायोप्सी कधी झालेलीच नसते.

साक्ष टीव्हीवरची असेल तर ती रेकॉर्ड करून पुन्हा बघा. आजाराचं नेमकं नाव सांगितलं का? निदान कोणत्या तारखेला, कोणत्या तपासणीने झालं? औषध चालूच होतं का? बरं झाल्यावरची तपासणी कुणी केली? कागद कॅमेऱ्यासमोर धरतात तेव्हा चित्र थांबवून तारीख वाचा. पुष्कळदा तो आजाराचा कागद असतो, बरं झाल्याचा नसतो.

मंचावर दिसतं ते काय असतं

पाय लांब करण्याचा प्रयोग बारकाईने बघण्यासारखा आहे. माणसाला खुर्चीवर बसवतात आणि उपदेशक दोन्ही टाचा एका हातात धरतो. बसताना कंबर किंचित तिरकी झाली तरी एक टाच मागे दिसते. शिवाय एका बुटाची टाच थोडी ओढून पायापासून सैल केली की तो पाय लांब वाटतो. मग प्रार्थना चालू असताना बूट हळूच परत दाबायचा, किंवा दोन्ही पाय एका बाजूला झुकवायचे. टाचा जुळतात आणि सभा ‘हालेलूया’ म्हणते. घरी मोजायचं असेल तर बूट-मोजे काढून, पलंगावर उताणं झोपवून, दोन्ही बाजूंना कमरेच्या पुढच्या हाडाच्या टोकापासून घोट्याच्या आतल्या हाडापर्यंत शिंप्याच्या टेपने मोजा. तीनदा मोजा, कारण टेप धरण्यातच अर्धा-पाऊण सेंटिमीटर इकडेतिकडे होतो.

अंध माणसाला बोटं मोजायला लावतात तेव्हा एक गोष्ट ध्यानात ठेवा. प्रमाणपत्रावर अंध असलेल्या अनेकांना थोडी नजर असते, हातभर अंतरावरची बोटं ते आधीही मोजत असतात. बहिऱ्याच्या कानाजवळ टाळी वाजवतात, पण उरलेली थोडी श्रवणशक्ती टाळीला पुरते. ऑडिओमेट्रीचा, म्हणजे ऐकू येण्याच्या तपासणीचा, आधीचा आणि नंतरचा आलेख शेजारी ठेवल्याशिवाय काही बोलू नये. गुडघेदुखीचा माणूस मंचावर धावतो ते नाटक नसतंही. हजारोंच्या गजरात, आनंदात, काही काळ दुखणं खरोखर जाणवत नाही. म्हणून तीन दिवस जाऊ द्या आणि त्याच जिन्याच्या त्याच पायऱ्या चढायला सांगा.

हे नुसतं दुखण्यापुरतं राहत नाही. कॅथरीन कुल्मन ही अमेरिकेतली टीव्हीवर गाजलेली चंगाई-उपदेशिका. डॉ. विल्यम नोलन यांनी तिच्या सभेत ‘बऱ्या’ झालेल्या २३ जणांचा नंतर पाठपुरावा केला आणि १९७४ मध्ये तो छापला. एकही आजार प्रार्थनेने बरा झाल्याचं त्यांना आढळलं नाही. कण्याचा कॅन्सर असलेल्या एका बाईने मंचावर कमरेचा आधारपट्टा काढून टाकला आणि ती धावली. दुसऱ्या दिवशी तिचा मणका खचला, काही महिन्यांत ती गेली. त्या दिवशी तिला बरं वाटलं होतं, यात खोटं काही नव्हतं.

फसवणूक वेगळी, आणि तिचा सगळ्यात स्वच्छ पुरावा पीटर पॉपॉफ यांच्या प्रकरणात मिळाला. ते मंचावरून अनोळखी माणसाचं नाव, पत्ता, आजार सांगत आणि देवाने कळवलं असं लोकांना वाटे. १९८६ मध्ये जादूगार जेम्स रँडी यांच्या गटाने सभेत रेडिओ स्कॅनर नेला आणि ३९.१७ मेगाहर्ट्‌झवर पॉपॉफ यांच्या पत्नीचा आवाज पकडला. लोकांनी सभेआधी भरून दिलेल्या प्रार्थना-कार्डांवरची माहिती ती वाचून दाखवत होती, पॉपॉफ यांच्या कानात छोटा रिसीव्हर होता. याच गटातला एक पुरुष बाईच्या वेषात गेला आणि त्याचा गर्भाशयाचा कॅन्सर बरा झाल्याचं जाहीर झालं! चाकाच्या खुर्च्यांचा प्रकारही याच शोधात उघड झाला. चालत आलेल्या वयस्कर लोकांना सभेच्याच खुर्चीत बसवून पुढे आणत आणि मग ‘ऊठ’ म्हणत. स्वतःच्या खुर्चीतून आलेले खरे अपंग मागेच राहत. ती ध्वनिफीत जॉनी कार्सन यांच्या टीव्ही कार्यक्रमात वाजवली गेली, १९८७ मध्ये पॉपॉफ यांनी दिवाळखोरी जाहीर केली. तरी पुढे ते टीव्हीवर परत आले आणि ‘चमत्काराच्या पाण्या’च्या पुड्या पाठवू लागले. उघडं पडलं की धंदा संपतो, असं समजून गाफील राहू नका.

आपल्याकडच्या सभेत तपासायचं ते यावरूनच ठरवा. नावनोंदणीच्या टेबलावर किंवा व्हॉट्सअ‍ॅप फॉर्मवर आजार आधी लिहून घेतला होता का? मंचावर कुणी जायचं हे स्वयंसेवक निवडतात का? चाकाची खुर्ची माणसाची की मंडळाची?

श्रद्धा राखून विचारायचे प्रश्न

शरणपूरच्या जुन्या मंडळ्यांपासून नाशिक रोडच्या बाळ येशूच्या यात्रेपर्यंत, नाशिकमध्ये आजाऱ्यासाठी प्रार्थना करणारे हजारो लोक डॉक्टरकडेही जातात. म्हणून घरात वाद घालताना श्रद्धेवर घाव घालू नका, ते चूकही आहे आणि उपयोगाचंही नाही. बायबलच उघडा. येशू कुष्ठरोग्याला बरं करून ‘याजकाला जाऊन दाखव’ असं सांगतो (मत्तय ८:४), म्हणजे तपासणीला पाठवतो. लूक हा वैद्य होता (कलस्सै ४:१४). पौल तीमथ्याला पोटाच्या तक्रारीवर थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो (१ तीमथ्य ५:२३), औषध टाकायला सांगत नाही.

कॅथलिक चर्चची कसोटी तर डॉक्टरांइतकीच कडक आहे. फ्रान्समधल्या लूर्द इथे बरं झाल्याचा दावा आला की निदान पक्कं होतं का, आजार गंभीर होता का, उपचारांनी तो बरा झाला असेल का, बरं होणं अचानक, पूर्ण आणि टिकाऊ आहे का, हे डॉक्टर वर्षानुवर्षं तपासतात. १८५८ पासून कोट्यवधी भाविक तिथे गेले आणि २०१८ मध्ये मान्य झालेला चमत्कार ७० वा होता. हा आकडा घरात सांगा. एका संध्याकाळी शंभर चमत्कार जाहीर करणाऱ्याला चर्चच्याच मापाने मोजता येतं.

आपल्या मंडळीच्या पाळकांना किंवा फादरना घरी बोलवा. ‘गोळ्या चालू ठेवा, मी प्रार्थना करतो’ हे वाक्य त्यांच्या तोंडून आलं की मुलांच्या दहा वाक्यांचं काम होतं.

पैसा

‘बी पेरा, देव शंभरपट देईल’ म्हणत जो क्यूआर कोड पडद्यावर येतो, तो स्कॅन केल्यावर कुणाचं नाव दिसतं ते पैसे देण्याआधी वाचा. ट्रस्टचं नाव सांगून माणसाच्या खासगी खात्यात पैसे जात असतील तर थांबा. ट्रस्ट महाराष्ट्रात नोंदलेला असेल तर त्याचा नोंदणी क्रमांक असतो आणि त्याची चौकशी नाशिकच्या धर्मादाय कार्यालयात करता येते. घरातल्या वयस्कर माणसाच्या फोनवर यूपीआय अ‍ॅप उघडून ‘ऑटोपे’ बघा. दरमहा दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, म्हणून एकदा परवानगी दिलेली असते. साधारण १५,००० रुपयांपर्यंतची अशी वसुली दर वेळी पिन न विचारता होते. ती तिथूनच रद्द करता येते. फसवून पैसे काढले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा, व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा.

तक्रार कुठे आणि कशाची

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनानंतर २०१३ मध्ये आलेला जादूटोणाविरोधी कायदा सर्व धर्मांच्या बुवांना सारखाच लागू होतो. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणं आणि लोकांना फसवणं हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच ते पन्नास हजार रुपये. चर्चमधली किंवा घरातली साधी प्रार्थना, जिच्यात कुणाला इजा नाही की आर्थिक नुकसान नाही, ती कायद्याच्या बाहेर आहे. शेजारच्या प्रार्थनासभेवर राग काढायला हा कायदा वापरू नका. १९५४ चा औषधे आणि जादुई उपाय कायदा मंतरलेलं पाणी, ताईत अशा उपायांनी आजार बरा होतो अशी जाहिरात करायला मनाई करतो.

वाहिनीविरुद्ध तक्रार आधी वाहिनीच्याच तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी करायची. उत्तर द्यायला तिला १५ दिवस असतात, त्यानंतर वरच्या पायरीवर जाता येतं. कार्यक्रमाची तारीख, वेळ, वाहिनी आणि बोललेलं वाक्य जसंच्या तसं लिहा. ‘अंधश्रद्धा पसरवतात’ एवढंच लिहिलेली तक्रार सहसा पुढे जात नाही. ‘अमुक मिनिटाला इन्सुलिन बंद करायला सांगितलं’ अशी तक्रार जाते. यूट्यूबवरच्या व्हिडिओसाठी तिथलीच रिपोर्टची सोय वापरा आणि आधी तो व्हिडिओ जपून ठेवा, कारण तक्रार झाली की व्हिडिओ काढून टाकला जाऊ शकतो.

आईशी बोलायचं ते टीव्ही चालू असताना नको, सकाळी चहाच्या वेळी. ‘आई, तू प्रार्थना चालू ठेव, डबीतली गोळी रोज मी काढून देईन, आणि महिन्याने दोघं मिळून सिव्हिलला रिपोर्ट करून येऊ.’ आठवड्याच्या सात खणांची गोळ्यांची डबी मेडिकलमध्ये मिळते. ती रविवारी रात्री भरा, बायबलशेजारी ठेवा.