शिवण चालू आणि लेकरूही खूश

शिवायला बसलं की दीड-दोन वर्षांचं मूल लगेच मांडीवर चढतं. पुढ्यात खेळण्यांचा ढीग ओतला तरी त्याला हवी असते तुमच्याच हातातली टेप. म्हणून त्याला दुसरीकडे रमवण्याच्या खटपटीत पडू नका. शिवणकामातलंच एखादं काम त्याच्या नावावर करून द्या.

१. कामं वाटून घ्या

कातरकाम, इस्त्री आणि मशीन मूल झोपलेलं असताना उरका. ते जागं असताना खुणा करणं, घड्या घालणं, फार तर हातशिलाई. मशीन चालवावीच लागली, तर एका मोठ्या माणसाने त्या वेळी सुई हातात घ्यायचीच नाही, फक्त मुलाकडे बघायचं. ‘आम्ही सगळे आहोत ना’ म्हणणाऱ्या घरात बहुतेक वेळा कुणाचंच लक्ष नसतं.

२. टाचण्या मोजा

बसताना २० काढल्या तर उठताना २० डबीत गेल्याच पाहिजेत. रंगीत डोक्याच्या टाचण्या जमिनीवर आपल्याला चटकन दिसतात. पण मुलालाही दिसतात आणि आवडतात. बटणं, हुक, बॉबिन यांच्यासाठी सोपी कसोटी आहे. टॉयलेट रोल संपल्यावर उरणाऱ्या पुठ्ठ्याच्या नळीतून जी वस्तू आरपार जाते, ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती द्यायची नाही. दोऱ्याचं रिकामं रीळही बरेचदा त्यातून सहज जातं! मिनिटभर उठलात तरी मशीनचा प्लग काढा. खालचं पायडल म्हणजे रांगत्या मुलासाठी आयतं बटण.

३. त्याचं स्वतःचं खोकं

माझ्या मते सगळ्यात जास्त चालते ती हीच युक्ती. पुठ्ठ्याच्या खोक्याच्या झाकणाला मोठ्या माणसाची मूठ जाईल एवढं भोक पाडा आणि आत कापडाचे तुकडे भरा: मखमल, साटीन, कॉर्डरॉय, जाडंभरडं सुती, लोकरीचं. दोन तळहातांएवढे चौकोन पुरेत. लांब पट्ट्या, नाड्या, रिबिनी नकोत, गळ्याभोवती गुंडाळल्या जातात. दोरे सुटणाऱ्या कडाही आधी कापून टाका.

मूल एकेक तुकडा ओढून काढतं. मखमल हाती आली की थांबतं, गालावर घासतं, उलटी करून बघतं, पुन्हा घासतं. सगळं बाहेर आलं की आत कोंबायचा कार्यक्रम सुरू होतो, आणि त्याला ओढण्याहून जास्त वेळ लागतो. शिवण आवरली की खोकं उचलून ठेवा. रोज समोर राहिलं तर चार दिवसांत त्याची नवलाई संपते.

४. खरी मदत घ्या

‘निळं दे’ म्हणा. लाल आलं तरी घ्या. खाली पडलेले तुकडे पिशवीत भरायला सांगा. टेपने त्याचा हात, पाय, बाहुलीचं डोकं मापा आणि आकडा मोठ्याने म्हणा. प्लग आणि सुई दोन्ही काढून मशीनचं हातचाक फिरवू द्या, त्याचा दुसरा हात आपल्या हातात धरून. सुईचा दांडा वर-खाली व्हायला लागला की बरीच मुलं चाक सोडून त्याच्याकडेच टक लावून बसतात.

५. तिसऱ्या वर्षाच्या आसपास ओवणं

जाड पुठ्ठ्याला पंचने भोकं पाडा आणि बुटाची लेस द्या. लेस लांब असते, म्हणून हे काम तुमच्या शेजारी बसूनच. मूल वरून घालेल, कडेवरून वळसा देईल आणि पुन्हा वरूनच घालेल. घालू दे. खालून वर यायचं त्याचं त्यालाच एक दिवस सुचतं.

६. वेळेवर उठा

दहा-पंधरा मिनिटं शांततेत गेली तर चांगलंच म्हणायचं. किरकिर सुरू झाली की ‘एवढी बाही जोडते’ म्हणत ताणू नका. फक्त सुई कापडात टोचून ठेवून उठू नका. दोरा तोडा, सुई डबीत टाका, टाचण्या मोजा आणि डबी वरच्या फळीवर ठेवा.